तीन नंबरची व्हंकल

"नवी व्हंकल आनी ही नवी रिले, दोगीय सारक्योच! कितें जालां तें सांगनात, नुसत्यो रुसून बसतात."

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. माझ्याबद्दल होतं. पत्र्याच्या पार्टिशनच्या पलीकडे फोरमन गावकरबाब बोलत होते आणि अलीकडे मी, लग्नाला सव्वा महिना झालेली, रजिस्टरवर रेघा मारत बसले होते. चुडा वाजला असता तर त्यांना कळलं असतं. मी हात टेबलावर दाबून धरला. पलीकडे तिघे हसले. त्यात माझा नवराही होता.

व्हंकल म्हणजे नवरी. माझ्या माहेरी, बांद्याला, आम्ही व्हकल म्हणतो. हद्द ओलांडून गोव्यात आलं की त्यावर एक अनुस्वार चढतो, एवढाच फरक. बाकी तिच्याबद्दल जे बोलतात ते दोन्हीकडे सारखंच.

आमच्या पाळी गावातल्या प्लांटवर खनिजाची तांबडी धूळ बसायची. सकाळी टेबल पुसावं, तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत बोटाने नाव लिहिता यावं एवढा थर! हे किस्से तसेच बसत गेले. मी बोलायची नाही, त्यामुळे सगळे माझ्यासमोर बोलायचे, आणि न बोलणाऱ्याकडे गोष्टी आपसूक साचतात. त्यातल्या काही सांगते. हसू आलं तर हसा. आम्हीही तेव्हा हसलो होतो.

•

सासर पेडण्यातलं, चोपड्याचं. सासरे मासे मारणारे. नवरा, दत्ताराम, पाळीला खनिज धुण्याच्या प्लांटवर वायरमन. लग्न झालं आणि आम्ही डिचोलीत एक खोली घेतली. मला टायपिंग येतं म्हटल्यावर त्याने मलाही मेंटेनन्स ऑफिसात चिकटवलं. काम दोनच. फोन घ्यायचा, रजिस्टर लिहायचं.

पहिल्या दिवशी पहिला फोन आला.

"हॅलो, तीन नंबराची व्हंकल रुसल्या! दत्ताक धाड बेगीन!"

माझे कान तापले. ही थट्टा कोण करतंय? आणि मी तीन नंबरची कशी? आधीच्या दोन कोण? फोन तसाच धरून मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने करंट मोजायचा टाँग टेस्टर खांद्याला लटकवला आणि जाता जाता शांतपणे म्हणाला, "तू न्हय गो. पट्ट्याची."

मग कळलं. प्लांटमध्ये मोठे रबरी पट्टे होते, खनिज वाहून नेणारे. प्रत्येक पट्ट्याला एक मोटर, आणि मोटरच्या पॅनेलमध्ये, मोटर चालू-बंद करणाऱ्या कॉन्टॅक्टरच्या पोटाशी, काडेपेटीहून थोडी मोठी एक डबी. तीच ती इलेक्ट्रॉनिक रिले. मोटर झेपेल त्याहून जास्त करंट ओढायला लागली, किंवा तीनपैकी एका तारेतली वीज गेली, की रिले मोटर बंद करते. तिच्या अंगावर टिकलीएवढा एक तांबडा दिवा असतो, तो लुकलुकायला लागतो. याला सगळे जण ट्रिप किंवा रिले तुटणं म्हणतात. आमच्याकडे म्हणायचे, व्हंकल रुसली.

जुन्या रिले तापून हळूहळू तुटायच्या. या नव्या होत्या, लगेच तुटायच्या. म्हणून व्हंकल. आयटीआयमध्ये 'तो रिले' असं शिकवतात म्हणे. आमच्या प्लांटवर ती बाई होती. कारण चूक नेहमी तिचीच असायची!

•

मिंगेल हा सगळ्यात जुना वायरमन. व्हंकलीची समजूत काढायची त्याची एक रीत होती. रिलेवर एक छोटी डायल असते. मोटरच्या नेमप्लेटवर जेवढा करंट लिहिलेला असेल तेवढ्यावर ती ठेवायची. त्याच्या वर गेला की रिलेने तुटायचं. मिंगेल नेमप्लेट वाचायचा नाही. रिले तुटली की स्क्रूड्रायव्हरने डायल जराशी वर सरकवायचा. "मातशी ढील दिवपाची, मागीर रुसना ती."

धुण्याच्या पंपावरची रिले दर दोन दिवसांनी तुटायची. मिंगेल दर दोन दिवसांनी ढील द्यायचा. नेमप्लेटवर अठरा लिहिलेलं, डायल पोचली पंचवीसवर. त्यानंतर पंधरा दिवस पंप गप्प चालला. मिंगेल छाती काढून फिरत होता.

सोळाव्या दिवशी दुपारी तो माझ्यासमोर बसून उंडा खात होता. उंडा म्हणजे कडक कवचाचा पाव. घास तोंडाशी नेला आणि तसाच थांबला. त्याने वास घेतला. मीही घेतला. वार्निश जळल्याचा वास, एकदा नाकात बसला की आठवडाभर जेवण गोड लागत नाही.

पंपाचं बेअरिंग केव्हाचं अडकलेलं होतं. रिले तेच सांगत होती.

मोटर ट्रॅक्टरवर चढवून डिचोलीला रिवाइंडिंगला निघाली, तेव्हा मिंगेलने डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली. गावकरबाब गरजले, "कितें केलें रे तुवें?"

"तिका गप्प कर म्हळ्ळें न्ही तुमी? केली गप्प," मिंगेल म्हणाला. "आतां मोटरूय गप्प!"

•

एकदा चाळणीच्या मोटरवरची रिले तुटली. गावकरबाब त्या दिवशी स्वतः पेटले होते. "फाल्टी माल!" म्हणत त्यांनी नवी रिले बसवली. पाच सेकंदांत तुटली. दुसरी बसवली. पाच सेकंद. तिसरी. पाच सेकंद. खोकी माझ्या पायाशी येऊन पडत होती आणि शिव्या पार्टिशनवरून.

जेवणानंतर दत्ताराम आला. टाँग टेस्टरचा चिमटा पहिल्या तारेवर धरला, काटा हलला. दुसरीवर धरला, हलला. तिसरीवर धरला. काटा जागेवरून हलेना. त्याने फ्यूजचा होल्डर उघडला. आत फ्यूजच नव्हता! कुणीतरी अडीनडीला काढून दुसऱ्या पॅनेलला लावला होता आणि विसरला होता. दोन तारांवर मोटर चालवली असती तर अर्ध्या तासात तिचीही ट्रॅक्टरवरून वरात निघाली असती.

गावकरबाबांनी वाकून होल्डर बघितला. मग म्हणाले, "बरें तर. पूण तिणें सांगपाक जाय आसलें!"

"सांगलां मरे तिणें," दत्ताराम तीन खोक्यांकडे बोट दाखवून म्हणाला. "तीन फावट!"

त्या दिवशी मला माझा नवरा पहिल्यांदा आवडला. लग्न होऊन तेव्हा अडीच महिने झाले होते.

•

काढून टाकलेल्या रिले स्टोअरमधल्या एका लाकडी पेटीत टाकायचे. पेटीला नाव होतं माहेर. "हिका कुळारा धाड," असं गावकरबाब म्हणाले की ती रिले पेटीत जायची. पेटीतून परत कुणी आलेलं नव्हतं.

एका शनिवारी काम कमी होतं. दत्ताराम म्हणाला, "बघूया तरी, काय झालंय त्यांना." आम्ही दोघं पेटी घेऊन बसलो. त्याने मला मल्टिमीटर धरायला शिकवलं. रिले चांगली असेल तर ९५ आणि ९६ या दोन स्क्रूंवर टोकं टेकवली की मीटर बीप वाजतो. टेस्टचं बटण दाबलं की बीप थांबायला हवा. रीसेट दाबलं की पुन्हा वाजायला हवा. टेकव, दाब, ऐक. दुसऱ्या नवऱ्या फुलं-गजरे सांगतील. माझ्या आठवणीत बीप आहे.

पेटीत नऊ होत्या. सात चांगल्या निघाल्या.

त्याच दुपारी मी त्याच्या हाताची एक लकब पाहिली. तारेचं टोक स्क्रूखाली धरण्याआधी तो त्याला एक उलटा वेढा द्यायचा आणि शेपूट त्या वेढ्यातून ओढून घ्यायचा. दुसरा कुणी वायरमन असं करत नाही. मी विचारलं तर हसला. "बाबा जाळ्याक मारतत ती गाठ. हाताक सवयच झाली. वडलीस तरी सुटाची नाय."

सात चांगल्या निघाल्याचं मी गावकरबाबांना सांगितलं नाही. दत्तारामने सांगितलं. ते म्हणाले, "कुळारांतल्यो परत हाडूंक नजो. अपशकून." पेटी जागेवर गेली.

•

रजिस्टरमध्ये 'बिघाडाचं कारण' असा एक रकाना होता. गोवा घटक राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली होती आणि भाषेचा वाद विझून निखारे राहिले होते. मिंगेल म्हणायचा, "राज्य आमचें जालें, आतां भास लेगीत आमची. कोंकणींत बरय." गावकरबाब घरी कोकणी बोलत, पण कागद मराठीतच हवा म्हणत, मराठी शाळेत शिकलेले. मॅनेजरसाहेबांना इंग्रजी पाहिजे होतं. मी आठवडाभर रकाना कोराच ठेवला.

शेवटी तोडगा निघाला, आर. एफ. म्हणजे रिले फेल. तिन्ही भाषांत चालतं!

मग सगळंच आर. एफ. झालं. स्क्रू सैल होता, आर. एफ. बेअरिंग अडकलं, आर. एफ. पॅनेलमध्ये पाल भाजून चिकटली, तरी आर. एफ. एकदा चहाचा स्टोव्ह पेटेना, तर मिंगेल ओरडला, "वयनी, बरय! आर. एफ.!"

मी लिहीत होते. माझं अक्षर चांगलं आहे.

•

तीन नंबरचा पट्टा सगळ्यात वाईट. त्याच्या खालच्या टोकाला चिखल अडकायचा, मोटर ओढ घ्यायची, रिले तुटायची. पॅनेलला कुलूप, किल्ली ऑफिसात. म्हणजे दर वेळी फोन, दर वेळी दत्ताराम टेकडी चढून वर जाणार, कुलूप उघडणार, रीसेट दाबणार, स्टार्ट दाबणार. दिवसातून आठ-आठ वेळा.

पट्ट्यावरचा माणूस होता मारुती. कोल्हापूरकडचा, चंदगडचा. रोज सकाळी तो माझ्या खिडकीत डोकावून म्हणायचा, "वैनी, आज नवरी कशी हाय?" त्याला नवरी म्हणजे मी म्हणायचं होतं का पट्ट्यावरची, मी कधी विचारलं नाही.

एप्रिलमध्ये गावकरबाबांनी तोडगा काढला. रिलेवर एक खटका असतो, हाताने रीसेट का आपोआप. तो आपोआपवर टाकला. आता रिले तुटली तरी पाच-सात मिनिटांनी स्वतःच जागेवर यायची, आणि पट्टा चालू व्हायचा! सगळे खूश. "व्हंकल आपणच रुसता, आपणच हांसता!" फोन थांबले. टेकडी चढणं थांबलं.

मला एक गोष्ट कळेना. संध्याकाळी दत्तारामला वाढताना विचारलं, "रिले आपोआप जागेवर येते, ते समजलं. पण स्टार्टचं बटण कोण दाबतं?"

त्याने माशाचं हुमण भातावर ओतलं आणि मीठ मागितलं.

धोका गावकरबाबांनाही कळत होता. पट्टा कधीही आपसूक सुटणार, आणि चिखल काढायला मारुतीला हात आत घालावा लागणार. खरा नियम असा की वायरमनला बोलवायचं, फ्यूज काढून घ्यायचे, मग हात घालायचा. त्यात अर्धा तास जातो. म्हणून त्यांनी नवा नियम केला. पॅनेलच्या दाराला काच होती. तीन नंबरच्या रिलेचा दिवा काचेतून दिसायचा. पट्टा थांबलाय आणि दिवा लुकलुकतोय, तर व्हंकल रुसलीय, कधीही उठेल, हात लावायचा नाही. पट्टा थांबलाय आणि दिवा नाही, तर वरून बंद केलाय, खुशाल साफ करायचं.

मारुतीने मान हलवली. "म्हंजे नवरीचा डोळा बगूनच हात घालायचा. सोपं हाय की!"

•

पावसाळ्यात प्लांट बंद असतो. दसऱ्याला सीझन सुरू होतो. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, सगळ्या यंत्रांची पूजा. वीज बंद, पॅनेलची दारं उघडी, आत झाडून पुसून लख्ख. झेंडूच्या माळा, नारळ, खोबऱ्याचा प्रसाद. माझा लग्नानंतरचा पहिला दसरा. मी हिरवी साडी नेसून गेले होते.

गावकरबाबांनी कुंकवाची वाटी माझ्या हातात दिली. "वयनी, तूं नवी सवाशीण. तुज्या हातान लाय. मागीर रुसची ना!"

सगळे हसले. मीही हसले. बोट ओल्या कुंकवात बुडवून मी एकेका पॅनेलपुढे गेले. प्रत्येक रिलेला एक बोट. तीन नंबरजवळ आले तेव्हा मारुती म्हणाला, "हिला जरा ठसठशीत लावा वैनी, लय तापट हाय."

त्या डबीवर टिकलीएवढी गोल जागा होती, जणू त्यासाठीच ठेवलेली. मी तिथे बोट टेकवलं, दाबलं, नीट गोल केलं. कपाळावर लावावं तसं.

दार लागलं. काचेतून ते छान दिसत होतं. दत्ताराम माझ्याकडे बघून हसला.

•

चौथ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला फोन वाजला. मिंगेल होता.

"वयनी. गाडी धाड."

"तीन नंबर का?" मी विचारलं.

तो व्हंकल म्हणाला नाही. म्हणाला, "मारुतीचो हात."

मारुतीला आधी डिचोलीला नेलं, तिथून बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात. कोपराखालचा उजवा हात वाचवता आला नाही.

ऑफिसात सगळे खाली मान घालून उभे होते. गावकरबाबांचा चेहरा राखेसारखा झाला होता. मग ते म्हणाले, "ताणें दिवो पळयलो ना." मारुतीने दिवा बघितला नाही. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले. दुपारपर्यंत सगळेच तसं म्हणायला लागले.

मी रजिस्टर उघडलं. वेळ लिहिली. कारणाचा रकाना कोरा ठेवला.

जेवणाच्या सुट्टीत पॅनेलच्या किल्ल्या माझ्यामागच्या खिळ्यावर होत्या. मी त्या घेतल्या आणि टेकडी चढून वर गेले.

आधी चार नंबर उघडला. तिथे माझं बोट जरा वर लागलं होतं. त्याच्याखाली तांबडा दिवा मोकळा, स्वच्छ. मग तीन नंबर उघडला. इथे दिवा कुठे आहे? मी डबीच्या चारी बाजू बघितल्या. दिवा नव्हताच. होतं ते माझं कुंकू, वाळून कडक झालेलं, गोल, ठसठशीत.

नखाने खरवडायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

तेव्हा दुसरं दिसलं. स्टार्टच्या बटणामागच्या दोन स्क्रूंना जोडून तारेचा एक पिवळा तुकडा लावलेला होता. म्हणजे बटण कायमचं दाबलेलं. रिले जागेवर आली की पट्टा सुटणारच. माझ्या एप्रिलमधल्या प्रश्नाचं ते उत्तर होतं. तारेच्या टोकाला उलटा वेढा होता आणि शेपूट वेढ्यातून ओढून घेतलेलं.

मी दार लावलं. किल्ल्या खिळ्याला अडकवल्या.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांसमोर पॅनेल उघडलं, आत नजर टाकली आणि चौकशी होईपर्यंत म्हणून सील लावलं. मी मागे उभी होते. पिवळी तार नव्हती. कुंकू होतं. ते काढायचं कुणाला सुचलंच नाही. पूजेचं कोण काढतं?

•

आम्ही दोघं बांबोळीला गेलो. मारुती खाटेवर बसला होता, डाव्या हाताने चहा पीत. त्याची बायको गावाहून आली होती, ती पायाशी बसलेली. तिने माझा हात धरला आणि सोडलाच नाही.

"वैनी," मारुती म्हणाला, "समदी म्हणत्यात मी दिवा बगितला न्हाई. दिवा न्हवता बगा. म्या बगितल्याबिगर हात घालतोय व्हय?"

दत्ताराम खिडकीतून बाहेर बघत होता.

"चूक माजी म्हणून लिवलं तर नाव कापत्यात," मारुती म्हणाला. "मग एका हाताचा माणूस कुठं जाणार? चंदगडात बी कोण घेनार? मला गेटवर बसवा म्हणावं. शिट्टी वाजवाय एक हात लय झाला." आणि तो हसला. त्याची बायको हसली नाही.

रविवारी आम्ही चोपड्याला गेलो. सासरे अंगणात जाळं सांधत बसले होते. दत्ताराम नेहमीसारखा शेजारी बसला, सुताड हातात घेतलं. थोड्या वेळाने सासरे म्हणाले, "गाठ चुकता मरे तुजी आज." त्याने सोडवली, पुन्हा मारली. पुन्हा चुकली. तो उठून नदीकडे गेला.

परत आला तेव्हा मी चुलीपुढे होते. दारात उभा राहून म्हणाला, "बटण मोडलेलं. स्प्रिंग नव्हती. नवीन येईपर्यंत तार मार म्हणून गावकरबाबांनी सांगितलं होतं."

"एप्रिलमध्ये?"

"एप्रिलमध्ये."

मी त्याला कुंकवाचं सांगितलं. त्याने आत येऊन दार ओढून घेतलं. मग म्हणाला, "ते कुणाला सांगू नको. तुझ्यावर येईल."

माझ्यावर येईल म्हणून तो म्हणत होता का त्याच्यावर, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. पानं वाढली. जेवलो.

•

चौकशी आठव्या दिवशी झाली. पणजीहून एक साहेब आले. मॅनेजरसाहेब, गावकरबाब, मिंगेल, दत्ताराम अशी मंडळी लांब टेबलाभोवती बसली आणि कोपऱ्यात टाइपरायटर घेऊन मी. जबाब मराठीत घ्यायचे ठरले. बाईंचं टायपिंग बरं आहे म्हणाले.

आधी सगळे वर जाऊन पॅनेल बघून आले. सील तोडलं, दार उघडलं. साहेब आत वाकून म्हणाले, "पूजा केलीत वाटतं? छान." दार लावलं.

गावकरबाबांनी सांगितलं, मी टाइप केलं. "रिले अचानक फेल होऊन पट्टा सुरू झाला. दिवा पाहूनच हात घालावा अशी सूचना सर्वांना दिलेली होती. सदर कामगाराने दिवा पाहिला नाही."

मिंगेलने सांगितलं. टोपी मांडीवर, नजर टोपीवर. "रिले फेल. दिव्याचें म्हाका खबर ना." मी टाइप केलं.

मग दत्ताराम. त्याचा आवाज इतका खाली होता की साहेबांनी दोनदा "काय?" विचारलं. "रिले फेल झाली," तो म्हणाला.

"आणि कामगाराने दिवा पाहिला नाही?"

दत्ताराम टेबलाच्या कडेवरून नख फिरवत राहिला.

"लिहा बाई," मॅनेजरसाहेब म्हणाले, "पाहिला नाही."

मी 'पा' टाइप केला. मग 'हि'. मग बोटं थांबली. कागद अर्धा वर, अर्धा आत. सगळे माझ्याकडे बघायला लागले. गावकरबाब कसनुसं हसले. सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं,

"कितें जालें वयनी? रुसली?"

मी उठले. चुडा वाजला. या वेळी मी हात दाबून धरला नाही.

"रिले फेल झाली नव्हती," मी म्हणाले. "मारुतीने दिवा बघितला होता. त्या दिव्यावर कुंकू मी लावलं होतं. तार कोणी लावली होती?"